साडूभाऊंचं कार्ड आणि मामांची लिंबू-मिरची

जगातल्या कुठल्याही दोन तारा एकमेकींना चिकटू नयेत, एवढ्यासाठीच आमच्या साडूभाऊंचा जन्म झाला आहे. ते लातूरला असतात आणि यंत्रं चालवणाऱ्या पेट्या बनवतात. मी नांदेडला पोरांना मराठी शिकवतो. त्यामुळे ते बोलू लागले की मी मान हलवतो, आणि ती नेमकी चुकीच्या जागी हलते. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरला पार टोकापर्यंत टेप गुंडाळलेली असते. पेटी उघडण्याआधी अंगावरचा सगळा धातू उतरवायचा, हा त्यांचा नेम. एकदा अर्धापूरला, सासुरवाडीत, मिक्सर बघायला बसले. आधी अंगठी काढली, मग घड्याळ, आणि मग हात चांदीच्या करदोड्याकडे गेला. सासूबाई लगबगीनं आत निघून गेल्या.

एवढ्या काळजीतूनही एक जागा सुटली होती. सासऱ्यांनी, म्हणजे आम्हा दोघांच्या मामांनी, घरामागे केळी पिकवायची खोली बांधली आणि तिच्या पेटीत साडूभाऊंनी एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलं. ते मला समजावून सांगण्याची चूक त्यांनी केली. "हे कार्ड ऐकतंय आन् बोलतंय. खोली किती तापली ते ऐकतंय, आन् पंख्याला सांगतंय, हळू फिर, जोरात फिर. सांगायच्या वायरीत जरा जरा व्होल्टेज सोडतंय." मी म्हटलं, "म्हणजे पंखा त्या व्होल्टेजवर फिरतो?" "न्हाई हो! पंख्याची लाइट येगळी. हा निस्ता निरोप हाय." मी मान हलवली. त्यांनी कपाळावर हात मारला.

खोलीत पहिला माल भरला आणि दोनच दिवसांत खंडेनवमी आली. जावयाच्या यंत्रावर केळी पिकणार, असं मामा गावभर सांगून बसले होते. पूजेसाठी साडूभाऊंनीच पेटीचं झाकण काढून ठेवलं, हळदीकुंकू लावलं आणि आम्ही जेवायला बसलो. मामांनी मागे राहून लिंबू, मिरची, बिब्बा तांब्याच्या उघड्या तारेत ओवला आणि तार पेटीतल्या दोन स्क्रूंना छान पीळ देऊन बांधली. दोन्ही स्क्रू त्या बोलणाऱ्या वायरीचे होते. पंखा थांबला. आम्ही पोचेपर्यंत कार्ड हात लावता येऊ नये इतकं तापून मेलेलं होतं.

केळी पिकताना आपोआप गरम होतात म्हणे. दारं उघडून, हातपंखे हलवून सगळं घर राबलं. अर्धा माल वाचला, अर्धा काळा पडला. मामा कोपऱ्यात बसून होते. शेवटी म्हणाले, "जावईबापू, माझ्याच हातानं इगडलं का?" मला वाटलं, आता साडूभाऊ खरं बोलणार. साडूभाऊ म्हणाले, "न्हाई मामा. माझी चूक हाय. कोन्ही न् कोन्ही तार लावणारच की. तवा कार्डानं मरायचं का? म्या वाटंत करंट अडवणारा रेझिस्टन्सच ठिवला नव्हता." आणि नंतर मला कळलं की हेच खरं होतं.

नव्या कार्डाच्या बोलणाऱ्या वायरीत त्यांनी एक इवलासा रेझिस्टन्स जोडला आणि मामांना बोलावलं. "बांधा मामा. तितंच बांधा." मामांनी आधी पेटीला हात जोडले. तार लागली आणि पंखा पुन्हा थांबला. मी डोळे मिटून घेतले. साडूभाऊ मात्र टाळ्या वाजवत होते. "अहो, पंखा थांबला!" मी म्हटलं. "थांबणारच! निरोप दाबला तर पंख्याला काय कळतंय? पर कार्ड जितं हाय, हात लावून बगा, थंडगार!" लिंबू सोडलं, पंखा फिरू लागला. केळी काळी पडल्यापासून मामा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले. थांबणं म्हणजे जिंकणं कसं, हे मला आजही कुणी सांगू शकलेलं नाही.

मामांच्या माघारी यंदा पहिली खंडेनवमी आली. साडूभाऊंनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, आणि जगात कुठल्याही दोन तारा चिकटू न देणाऱ्या त्या माणसानं स्वतःच्या हातानं मामांसारखा पीळ देऊन लिंबू-मिरची त्याच दोन स्क्रूंना बांधली. पंखा थांबला. खोलीत एकदम शांत झालं. फार वेळ झाला तसा मी घाबरून म्हणालो, "साडूभाऊ, कार्ड जळेल." "न्हाई जळत," ते म्हणाले, "जरा थांबू द्या." आणि तार सोडायला त्यांनी मलाच पुढे केलं, कारण त्यांना नीट दिसत नव्हतं.