तात्यांच्या खालची गादी

माझ्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या खालची गादी आमच्या म्हशीने ओढली, यात म्हशीची काहीही चूक नव्हती.

साल दुष्काळाचं. मोताळ्याच्या बाजारात घेणाऱ्यांपेक्षा नुसतं हिंडणारेच जास्त. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, आणि तिची भाकरी थापताना माय तिच्याशी अक्षरशः भांडायची. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, गावच्याच शाळेत नवा मास्तर. एके दिवशी शाळेत मी ‘काटकसर’ या विषयावर भाषण ठोकलं. पोरांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. (भाषण संपल्याचा आनंद होता तो, हे मला फार वर्षांनी कळलं.) त्या टाळ्या कानात घेऊनच मी घरी आलो आणि जाहीर केलं की आजपासून हे घर मी चालवणार.

“चालव बाप्पा,” बाबा म्हणाले. “मले तं ते चालताना दिसतच नाही.”

मग मी सुटलोच! काडेपेटीतली प्रत्येक काडी ब्लेडने उभी चिरून एकीच्या दोन केल्या. (चार काड्या चिरताना पाच पेटल्या. पाचवी कशी, ते विचारू नका.) अंगाच्या साबणाला भोक पाडून तो सुतळीने टांगला, म्हणजे खाली ओला राहून झिजणार नाही. उकळलेली चहापत्ती पत्र्यावर वाळवून पुन्हा वापरायचा हुकूम काढला. तिसऱ्या दिवशी बाबांनी कप तोंडाला लावला, थोडा वेळ आढ्याकडे पाहिलं आणि माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाले, “सुशे, चहात पाणी टाकाचं ऐकलं होतं. तुमी तं पाण्यात बी चहा टाकत नाही!”

पण माझं खरं कर्तृत्व गोठ्यात. आमची चंद्री म्हैस त्या वर्षी निम्म्या दुधावर आली होती. मी म्हटलं, निम्म्या दुधाला सरकीचा, म्हणजे कापसाच्या बियांचा, पूर्ण खुराक कशाला? सरकी बंद! नुसती कडब्याची धांडं.

“अरे, सरकी बंद केली तं उरलं दूध बी जाईन ना!” माय कळवळली.

“माय, तू भावनेच्या भरात बोलून राह्यली,” मी म्हणालो. चंद्रीचा दोर तुटायला आला होता, त्यालाही मी नवा दोर न आणता पाच ठिकाणी गाठी मारल्या. त्या दिवसापासून चंद्री माझ्याकडे ज्या नजरेने पाहायची, त्या नजरेने पुढे आयुष्यात फक्त माझ्या बायकोने पाहिलं.

अशात देऊळगाव राजाहून निरोप आला की पाहुणे रविवारी सुशीला पाहायला येतात.

आता इथे थट्टा थोडी बाजूला ठेवतो. सुशी माझ्याहून चार वर्षांनी लहान. मॅट्रिक झालेली, बोलायला फटकळ, कामाला वाघ. याआधी दोन ठिकाणी तिचं जमता जमता मोडलं होतं, दोन्ही वेळा देण्याघेण्यावरून. दुसऱ्या वेळेस ती दोन दिवस नुसती अंगण सारवत राहिली. माझा तिच्यावर फार जीव. हा देऊळगावचा मुलगा, वसंता, शाळामास्तर होता, आणि बायकोला पुढे शिकवायची त्याची तयारी होती. सुशीने मायजवळ फक्त एवढंच म्हटलं होतं, “हे जमलं तं बरं होईन.” सुशीच्या तोंडून एवढं म्हणजे खूपच झालं. आता जमवायचं आमच्या हातात होतं, आणि दुर्दैवाने घर माझ्या हातात होतं.

पाहुण्यांना बसायला गादी हवी. घरातली जुनी गादी उंदरांनी आमच्याआधीच वापरून संपवली होती. म्हणून रोहिणखेडहून इस्माईलचाचा पिंजाऱ्याला बोलावलं. तो खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन आला, बसला, पाणी प्याला, आणि मी मजुरीची घासाघीस सुरू केली. मी इतका खाली आलो की शेवटी चाचाने धनुकली पुन्हा खांद्यावर घेतली.

“मास्तरसाब, इतक्या पैशात तं माझ्या धनुकलीची तांत बी वाजत नाही.”

“नाही वाजली तर नाही. आम्ही घरीच करू.”

“रुई हाय का घरात?”

सरकी काढलेली स्वच्छ रुई कुठली! माळ्यावर पडला होता तो व्यापाऱ्याने नाकारलेला कवडी कापूस. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला, अर्धवट उमललेला. वर त्यातली सरकी काढलेली नाही. चाचाने एक बोंड चिमटीत धरून पाहिलं आणि फार सभ्यपणे विचारलं, “मास्तरसाब, गादी आदमीसाठी भरता का जनावरासाठी?”

मला राग आला. चाचा गेला. माय म्हणाली, “मी अन् सुशी बसून सरकी काढतो.” पण रविवार चार दिवसांवर. कापूस दोन पोती. मी म्हटलं, “काऊन काढता? सरकीसकट भरा. उलट गादी चांगली घट्ट होईन.”

“दादा, सरकी टोचीन ना पाहुण्याले!” सुशी म्हणाली.

“वर चादर टाकू. कळत नाही.”

“तुले नाही कळत. बसणाऱ्याले कळीन!”

खोळीला नवं कापड घेणं म्हणजे उधळपट्टी. मी माझं जुनं धोतर दुहेरी शिवलं. (धोतर इतकं विरलं होतं की त्याच्या आरपार वाचता आलं असतं.) कापूस काठीने बडवून भरला, वर शेजाऱ्यांची पांढरीशुभ्र चादर अंथरली आणि लांब उभा राहून पाहिलं. गादी देखणी दिसत होती. मी स्वतः मात्र तिच्यावर बसून पाहिलं नाही. पाहुण्यांच्या आधी बसलं तर ती झिजेल!

रविवारी दुपारी दोन एस.ट्या बदलून पाहुणे आले. मुलाचे वडील तात्या, मुलाचे मामा आणि खुद्द वसंता. तात्या म्हणजे भरभक्कम गृहस्थ, पांढरंफेक धोतर, पांढराच सदरा, पिळदार मिशा. बाबांनी त्यांना हाताला धरून ओसरीवरच्या गादीच्या मधोमध बसवलं. गादीतून ‘कर्र’ असा आवाज आला. तात्या थोडे डावीकडे सरकले. पुन्हा ‘कर्र’. उजवीकडे सरकले. मग एका मांडीवर तोलून बसले.

“नवी गादी आहे,” मी घाईने म्हणालो. “बसेल थोड्या वेळानं.”

“गादी बसंल हो,” तात्या म्हणाले, “मी कसा बसू ते सांगा.”

मामा हसले. वसंताही हसला. वातावरण मोकळं झालं असं मला वाटलं. बाबांनी पाऊसपाणी काढलं, तात्यांनी देऊळगावच्या विहिरींची हालहवाल सांगितली. आतून पोह्यांना फोडणी दिल्याचा वास आला. (त्या दिवशी मायने तेल माझ्या नकळत काढलं होतं.) सगळं सुरळीत चाललं होतं, आणि एवढ्यात गादीला माणसांची ऊब लागली.

तात्यांच्या पांढऱ्या बाहीवर एक लालभडक किडा आला. त्याच्या मागे दुसरा. मग तिसरा, चौथा, जणू शाळा सुटली होती!

“ढेकूण!” मामा किंचाळून उभे राहिले. “अहो, ढेकूण हायेत गादीत!”

आता अशा वेळी शहाण्या माणसाने गप्प राहावं. पण माझ्यातला मास्तर जागा झाला.

“छे, छे!” मी हसून म्हणालो. “हे ढेकूण नव्हेत. हा कापसावरचा लाल ढेकण्या. माणसाला अजिबात चावत नाही, तो फक्त सरकीतला रस पितो.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“सरकीतला?” तात्यांनी सावकाश विचारलं. “म्हणजे या गादीत सरकी हाय?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण उत्तर दिलं चंद्रीने. दोन महिने सरकीचा वासही न मिळालेली म्हैस, आणि वारा ओसरीवरून थेट गोठ्याकडे! तिने एकच हिसका दिला. माझ्या पाच गाठींपैकी पहिलीच सुटली. बाकीच्या चारांवर तशी वेळच आली नाही. चंद्री अंगण ओलांडून तडक ओसरीशी आली, पाहुण्यांकडे ढुंकूनही न पाहता तिने मान पुढे घातली आणि गादीचा कोपरा तोंडात धरला.

“हाड! हाड!” बाबा ओरडले.

“अबे, तिले धर ना बे!” हे मला.

मी म्हशीला धरायचं सोडून गादी धरली. शेजाऱ्यांची चादर फाटली तर भरून कोण देणार! एका टोकाला म्हैस, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधोमध मांडी घातलेले तात्या, अंगणाच्या दिशेने सरकत चाललेले!

“सोडा, मास्तर, सोडा!” तात्या गर्जले.

“तात्या, तुम्ही उठा!”

“उठू कसा? तुम्ही हलवायचं थांबवलं तर उठीन ना!”

त्याच वेळी माझ्या धोतराने प्राण सोडला. टर्रकन गादी फाटली, मी भिंतीवर आदळलो, आणि तात्या पायरीवर येऊन बसले. कापूस उडाला. मिशांवर कापूस, टोपीवर कापूस, मामांच्या उघड्या तोंडात कापूस. सरकी सगळ्या ओसरीभर झाली, आणि चंद्री शांतपणे, डोळे अर्धवट मिटून, तात्यांच्या मांडीवरची सरकी वेचून खाऊ लागली.

चहाचं ताट घेऊन, डोक्यावर पदर, खाली मान, अशी सुशी नेमकी त्या क्षणी बाहेर आली. तिने मान वर केली. सगळं पाहिलं. ताट खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला, चंद्रीचं शिंग धरून तिला बाजूला केलं, आणि मग माझ्याकडे वळली.

“दादा, येडा हायस का तू? किती सांगतलं तुले!”

“सुशे, आत जाय,” माय दारातून कुजबुजली.

“नाही जात! तात्या, म्हशीवर रागवू नका. तिची काही चुकी नाही. दोन महिने झाले, आमच्या दादानं तिची सरकी बंद केली, अन् आता तीच सरकी तुमच्या बुडाखाली भरली!”

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. (आणि तीही शक्यतो शेताबाहेरची.) तात्या मात्र मिशीवरचा कापूस काढत सुशीकडे पाहत राहिले.

“पोरी,” ते म्हणाले, “हे आमच्यासमोर असं बोलायला तुला भेव नाही वाटलं?”

“वाटलं ना,” सुशीचा आवाज पहिल्यांदा कापला. “पण मी गप राह्यली असती तं सारा आळ मुक्या जनावरावर गेला असता.”

तात्यांनी हं केलं. पायरीवर बसूनच चहा प्याले, तो थंड झालेला होता तरी. वसंता खाली पाहून हसत होता की रडत होता, ते मला भिंतीजवळून दिसलं नाही. जाताना “कळवतो” म्हणाले. त्या ‘कळवतो’चा अर्थ आमच्या घराला दोनदा कळलेला होता.

पुढचे पंधरा दिवस मी घरात तोंड लपवून वावरलो. सुशी मला एका शब्दानेही बोलली नाही, वेळेवर जेवायला वाढायची, आणि रोज अंगण सारवायची. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी चंद्रीसाठी गुपचूप सरकीचं पोतं आणलं, पण अपराध काही हलका झाला नाही.

सोळाव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. बाबांनी ते उभ्याउभ्याच मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला खाली बसले.

“मुलगी पसंत आहे,” तात्यांनी लिहिलं होतं. “जी पाहुण्यांसमोर सख्ख्या भावाला वेडा म्हणते आणि म्हशीची बाजू घेते, ती आमच्या घरात खोटं बोलणार नाही. वसंताने तर एस.टी.तच होकार दिला, उशीर झाला तो माझी कंबर धरली म्हणून. देण्याघेण्याची काहीही मागणी नाही. अट एकच. लग्नाच्या कुठल्याही कामाला मुलीच्या भावाने हात लावू नये.”

माय पदराने डोळे पुसत हसत होती. सुशी आत पळाली, आणि पंधरा दिवसांनी पहिल्यांदा आतून माझ्या नावाने खणखणीत ओरडली, “येड्या दादा, चहा घे!”

पुढे मी आयुष्यभर सगळं जपून, पुरवून, हात राखून वापरलं. सढळ हाताने खर्च केला तो फक्त मूर्खपणा, आणि घराच्या कामाला आला तोही तेवढाच!