श्रीरंग गोगटेचं वंगण

श्रीरंग गोगटे हॅनोव्हरला यंत्रांच्या वंगणावर डॉक्टरेट करत होता, त्यामुळे घसरण्याबद्दल आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं ठाम मत होतं. साल एकसष्ट. मी शेजारच्या खोलीत राहत असे आणि त्याची मतं मला भिंतीपलीकडूनही ऐकू येत.

पण रविवार उजाडला की गडी पार कोमेजायचा. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि आमच्या घरमालकीणबाईंना, फ्राऊ क्लुगेंना, रविवारी कुणी खोकलेलंही खपत नसे. "दीड वर्ष झालं रे," तो एकदा म्हणाला, "इथं एकाही माणसानं मला नावानं हाक मारलेली नाही. जो तो आपला हेर गोक्टे, हेर गोक्टे! नुसतं मिस्टर गोगटे!" एरवी मी त्याची टर उडवली असती. तेव्हा वाईट वाटलं.

म्हणून तो स्की क्लबात शिरला. उतारावरून सुसाट सुटणाऱ्यांच्या नव्हे, तर लांब पट्ट्या पायांना बांधून रानोमाळ चालणाऱ्यांच्या. तिथला रिवाज असा, की हार्त्सच्या डोंगरातल्या पहिल्या सहलीत जो स्कीवरून क्लबाच्या डोंगरावरच्या झोपडीपर्यंत पोचेल, त्याला सगळे पहिल्या नावानं हाक मारणार. श्रीरंगला तेवढंच हवं होतं.

क्लबाचे अध्यक्ष हेर आरेन्स यांनी स्कीच्या तळाला मेण लावून यायला सांगितलं होतं. श्रीरंगच्या खिडकीत आईनं दिलेला खोबरेलाचा डबा थंडीनं गोठून बसला होता. "मेण काय नि हे काय! उलट हे जास्त गुळगुळीत," म्हणत त्यानं ते स्कीला चोपडलं. उरलेलं डोक्याला.

मी बसनं थेट झोपडीवर गेलो आणि मटारचं सूप घेऊन ओसरीत तमाशा बघायला बसलो. सपाटीवर श्रीरंग सगळ्यांच्या पुढे. मग शेवटचा चढ आला. मेणाची खुबी अशी, की ते चढावर बर्फाला धरून ठेवतं. खोबरेल कसलं धरतंय! अर्ध्या चढावर श्रीरंग थांबला आणि सावकाश, मोठ्या अदबीनं, मागच्या मागे खाली निघाला. "आख्टुंग! अहो, सरका!" करत त्यानं सर्वांत शेवटी येणाऱ्या आरेन्ससाहेबांनाच गाठलं. दोघेही बर्फात.

आरेन्सनी आधी टोपी शोधली, मग स्की हुंगली, मग श्रीरंगचं डोकं.

"नाताळच्या खोबऱ्याच्या बिस्किटांचा वास येतोय!"

"वंगण आहे," श्रीरंग पुटपुटला.

"आल्झो, तर मग हेर गोक्टे, चढायचंय की घसरायचंय?" म्हणून ते असे हसले की पुन्हा आडवे झाले. मग त्यांनी स्वतः ते तेल खरवडलं, खिशातलं मेण घासलं आणि त्याला पुढे घातलं. ओसरीशी पोचल्यावर त्यांनी हात पुढे केला. "ओटो."

"श्रीरंग."

"रंग," ओटोनं जमेल तेवढं घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी ओटो आमच्या खिडकीखाली उभा राहून केकाटला, "रंग!" फ्राऊ क्लुगेंनी दार आपटलं. श्रीरंग बूट चढवून जिन्यात तयार उभा होता.

"अरे, ओ दे ना त्याला!" मी म्हणालो.

"थांब रे," तो कुजबुजला, "अजून एकदा मारू दे हाक."