खुर्चीसकट चालणारी गाडी

नांदेडच्या लातूर फाट्यावर धोंडप्पा मिस्त्रीचा पत्ता विचारला, तर समोरचा माणूस आधी हसतो आणि मग रस्ता दाखवतो. हसण्यासारखं धोंडप्पात बरंच काही आहे. बावन्न वर्षांचा हा गडी गाडीशी बोलतो, पान्याशी भांडतो आणि गिऱ्हाइकावर रुसतो. मूळचा उदगीरकडचा. राग आला की दहापर्यंत आकडे मोजावेत, असं त्याला लहानपणी आजीनं शिकवलं होतं. आजी कानडी, म्हणून तो कानडीतच मोजतो: ओंदु, यरडु, मूरु. मूरु म्हणजे तीन. तीनच्या पुढं तो आजवर गेलेला नाही.

नांदेडला तो आला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडायला, पण त्याचं नाव झालं तीनचाकी गाड्यांनी. त्याचं असं झालं, की पानपट्टीवाला वैजनाथ एक दिवस जुनी मोपेड ढकलत आला. वैजनाथचा एक पाय पोलिओनं बारीक. तो म्हणाला, हिला मागं दोन चाकं लाव, माझा तोल राहत नाही. धोंडप्पानं लावली. पहिल्याच डाव्या वळणाला गाडी उजवीकडं कलंडली आणि वैजनाथ शेजारून चाललेल्या कडब्याच्या बैलगाडीत जाऊन पडला. पडला तो पडला, वर बैलगाडीवाल्याच्या शिव्याही खाल्ल्या. मग अंगावरचा कडबा झटकून म्हणाला, "मिस्त्री, परत एकदा."

परत एकदा म्हणजे आणखी पाच वेळा. सहाव्या खेपेला गाडी जमली, आणि मग बोलबाला व्हायला कितीसा वेळ लागतो. पंधरा वर्षांत धोंडप्पाच्या हातून चाळीसेक गाड्या गेल्या. भोकरला, हदगावला, देगलूरला, पार अहमदपूरपर्यंत. या गाड्या तो नंबरानं ओळखत नाही, माणसानं ओळखतो. ही गणिताच्या मास्तरांची, ती दूधवाल्याची, ती कीर्तनाला पेटी वाजवणाऱ्याची. एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही, हा त्याचा तोरा. बायको पार्वतीबाई म्हणायची, कुणी तक्रार करायला आलं तर तुम्ही ऐकून घेता होय?

गेल्या वर्षी मे महिन्यात तक्रार आली, ती ऑटोत बसून आली. ऑटोतून आधी घडीची चाकाची खुर्ची उतरली. मग शेषेराव उतरले. मग त्यांनी आपल्या सव्वीस वर्षांच्या लेकीला, वर्षाराणीला, दोन्ही हातांवर उचलून खुर्चीत ठेवलं. शेषेराव भोकरकडचे शेतकरी. लेकीच्या शिक्षणासाठी शेत धाकट्या भावाच्या हवाली करून ते नांदेडला सिडको वसाहतीत भाड्याच्या घरात राहायला आले होते, आणि तेव्हापासून लेकीला उचलणं हेच त्यांचं काम झालं होतं. शाळेत उचललं, कॉलेजात उचललं, परीक्षेला तिसऱ्या मजल्यावर उचलून नेलं. मायेला तोटा नव्हता, उलट उतूच जात होती. पोरगी शेजारी हळदीकुंकवाला गेली तरी दर पंधरा मिनिटांनी हे फोन करायचे: कुठं हायस, कुणासंगं हायस, पाणी पिलीस का.

आता त्या पोरीला विष्णुपुरीच्या एका कॉलेजात, ग्रंथालयात नोकरी लागली होती. एक जुलैला सकाळी साडेदहाला हजर व्हायचं होतं. शेषेराव म्हणाले, मी रोज नेईन, दिवसभर फाटकापाशी बसेन आणि संध्याकाळी आणेन. वर्षाराणी म्हणाली, एकटी जाईन, नाहीतर नोकरीच नको. घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. चौथ्या दिवशी तह झाला. एक जुलैच्या आत गाडी तयार झाली आणि ती वर्षाराणीला कुणाच्याही मदतीशिवाय चालवता आली, तर तिनं एकटीनं जायचं. नाही जमलं, तर बापाच्या हातांवर जायचं.

धोंडप्पाला यात अवघड असं काहीच दिसलं नाही. त्यानं बारा दिवसांत मोटारसायकलला मागं दोन चाकं जोडली, पायाचा गिअर आणि ब्रेक हातात आणला, गुबगुबीत सीट बसवली, वर लालभडक रंग दिला. शेषेराव खूश झाले. वर्षाराणीनं गाडीभोवती खुर्ची फिरवून एक चक्कर मारली.

"मामा, गाडी लई झकास हाय," ती म्हणाली. "पण खुर्चीतून हिच्यावर मला चढवणार कोण?"

"तुमचे बाबा हायेत की."

"अन् कॉलेजात उतरवणार कोण? अन् माझी खुर्ची काय मागून चालत येणार?"

धोंडप्पा ओंदु म्हणाला, यरडु म्हणाला, मूरु म्हणाला, आणि मग त्याचा पारा चढला. चाळीस गाड्या दिल्या, चाळीस माणसं फिरतायत, कुणी हू की चू केलं नाही, आणि ही कालची पोर मला शिकवणार? वर्षाराणीनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे एवढंच म्हणाली, की त्या चाळीस जणांना कुबडीवर का होईना, उभं राहता येतं. मला येत नाही.

ही गोष्ट पंधरा वर्षांत त्याच्या डोक्यातच आली नव्हती. खुर्चीतला माणूस त्याच्याकडं आजवर आलाच नव्हता, आणि तो का येत नाही हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो दुपारचा डबा न उघडता घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती लाल गाडी कापली. पार्वतीबाईला वाटलं, नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

परिणाम झालाच होता, पण चांगला. सीट गेली. तिथं जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर लोखंडी फळा आला. मागं एक पत्रा, तो खाली सोडला की उतार तयार. खुर्ची उतारावरून सरळ वर घ्यायची, आकड्यात अडकवायची आणि खुर्चीतच बसून गाडी हाकायची. हँडल लांबवून मागं आणलं. ऑटोचा रिव्हर्स गिअर बसवला. वर्षाराणीला बोलावून घेतलं, शेषेरावांनी तिला बाकड्यावर बसवलं आणि धोंडप्पा तिच्याच खुर्चीत बसला, सुर्रकन वर चढला, आकडा अडकवला, फाट्यापर्यंत जाऊन आला आणि छाती काढून उतरला.

"मामा, चढताना तुम्ही पाय टेकवला," वर्षाराणी म्हणाली.

धोंडप्पा म्हणाला, छे. ती म्हणाली, दोनदा टेकवला, आणि फाट्यावर थांबला तेव्हा तिसऱ्यांदा. जमलेल्या लोकांनी साक्ष दिली, ती पण तिच्या बाजूनं. तेव्हा वर्षाराणीनं खुर्ची बाकड्याशी आणायला लावली, गळ्यातली ओढणी काढली, धोंडप्पाचे दोन्ही पाय खुर्चीला करकचून बांधले आणि म्हणाली, आता चढा.

धोंडप्पानं जोर लावला. खुर्ची निम्म्या उतारापर्यंत गेली, तिथं थोडा विचार केला आणि मागं आली. तो खुर्चीसकट जुन्या टायरांच्या ढिगात उताणा पडला, बांधलेले पाय आभाळाकडं. पार्वतीबाई हसता हसता खालीच बसली. शेषेराव धावले, त्यांचे हात आपोआप उचलायला पुढं झाले. वर्षाराणीनं त्यांना थांबवलं. टायरांत पडल्या पडल्या धोंडप्पालाही हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. हसू सरल्यावर तो म्हणाला, "परत एकदा."

पुढचे पंधरा दिवस फाट्यावर तमाशाच होता. मिस्त्री रोज सकाळी दवाखान्यातून मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून पार्वतीबाईकडून पाय बांधून घ्यायचा आणि दुपारपर्यंत सोडू द्यायचा नाही. बांधल्या पायांनी त्याला एकेक खोड सापडत गेली. उतार फार चढा होता, तो लांबवला. आकडा पाठीमागं होता, तिथं हात पोचत नव्हता, तो बाजूला आणला. वर गेल्यावर पत्रा ओढून घ्यायला माणूस लागत होता, त्याला कप्पी आणि दोरी लावली. एकदा तो तसाच खुर्ची ढकलत समोरच्या हॉटेलात चहाला गेला आणि दारातल्या पायरीपाशी अडला. ज्या पायरीवर तो पंधरा वर्षं रोज पाय देत होता, ती त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मूरुपर्यंत मोजून त्यानं हॉटेलवाल्याला असं काही सुनावलं, की तासाभरात पायरीवर फळी पडली. ती अजून तिथंच आहे.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वर्षाराणी एकटी चढली, एकटी फिरली, एकटी उतरली. आरटीओत साहेबांनी गाडीभोवती चार चकरा मारल्या, रिव्हर्स दोनदा घ्यायला लावला आणि पासिंग दिलं. तीस तारखेला नारळ फुटला. शेषेरावांनी लिंबू-मिरची बांधली, काळी बाहुली बांधली, शिवाय आणखी एक भोंगा बसवा म्हणून हट्ट धरला. दोन भोंगे आधीच होते.

एक जुलैला वर्षाराणी सकाळी आठलाच निघाली. पंधरा मिनिटांच्या रस्त्याला अडीच तास आधी. मागं यायचं नाही, अशी शपथ तिनं बापाला घातली होती. शेषेरावांनी शपथ पाळली. ते स्वतः गेले नाहीत, त्यांनी धोंडप्पाला फोन केला. तुम्ही तरी मागं जा म्हणाले, तुम्हाला कुठं शपथ हाय. धोंडप्पाला तेवढंच पाहिजे होतं. तो आधीच तोंडाला रुमाल बांधून मोटारसायकलवर तयार बसला होता.

लाल गाडी फाट्यावरून गेली तेव्हा त्याची छाती फुगली. हिरवी साडी, डोक्यावर हेल्मेट, पाठ ताठ, समोर काळी बाहुली नाचतेय. दोन ऑटोवाले नुसते बघतच राहिले. धोंडप्पा बेतानं अंतर ठेवून मागं निघाला. विष्णुपुरी आली. कॉलेजचं फाटक दिसायला लागलं. आता ही वेग कमी करेल, आता इंडिकेटर देईल, असं म्हणेपर्यंत वर्षाराणी फाटकासमोरून सुसाट निघून गेली.

काल संध्याकाळी धोंडप्पानंच अ‍ॅक्सिलेटरची तार शेवटची आवळली होती. तार अडकली, दुसरं काय असणार. त्यानं मोटारसायकल पिळली. पुढं लाल गाडी, मागं हा, रुमाल सुटून पाठीवर फडफडतोय. विद्यापीठ गेलं. लोहा गावाकडचा रस्ता लागला. वर्षाराणीनं एका ट्रॅक्टरला मागं टाकलं आणि तिन्ही भोंगे एकदम वाजवले. धोंडप्पानं ट्रॅक्टरच्या धुळीतच आजीनं शिकवलेला देव आठवला. सोड ग बाई, हाताचा ब्रेक ओढ, असं तो ओरडत होता, पण ऐकणार कोण.

पुढच्या एका लिंबाच्या सावलीत लाल गाडी अलगद थांबली. ब्रेक लोण्यासारखा लागला. धोंडप्पा धापा टाकत पोचला आणि आधी तारेलाच हात घातला. तार मोकळी होती.

"तार न्हाई अडकली, मामा," हेल्मेट काढत वर्षाराणी म्हणाली. तिचं तोंड लाल झालं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं, वाऱ्याचं की कशाचं कुणास ठाऊक.

"मंग कॉलेज मागं राह्यलं की."

"ठाऊक हाय." ती हसायला लागली, आणि तो टायरांत पडून हसला होता तशी हसतच राहिली. मग म्हणाली, "सव्वीस वर्षांत मी कुठं हाय हे कुणालाच ठाऊक न्हाई, असं एक मिनिट गेलं न्हवतं. आज चांगली वीस मिनिटं झाली होती. फोन बी बंद ठेवला. तुम्ही आलात अन् मोडलंत."

आयुष्यात पहिल्यांदा धोंडप्पा शरमला, आणि रागाचा आकडाही आठवला नाही. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. शेषेराव होते. वर्षाराणीचं हसू थांबलं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"मिस्त्री, कुठंवर गेली पोरगी?" शेषेराव विचारत होते.

धोंडप्पानं तिच्याकडं बघितलं. मग पाठ फिरवली, रस्त्याच्या पलीकडच्या कापसाच्या शेतावर नजर लावली आणि म्हणाला, "दिसत न्हाई बा. पण गाडी माझी हाय, पोचंल."

फोन ठेवून तो मोटारसायकलवर बसला. मागं रिव्हर्स गिअर पडल्याचा आवाज आला. मग इंजिनाचा आवाज लांब जाऊ लागला, पण नांदेडकडं गेला की लोह्याकडं, की आडवाटेनं कुठल्या गावाकडं, ते त्यानं बघितलं नाही. मान वळवावीशी फार वाटत होती. त्यानं ती वळवली नाही आणि हळूहळू फाट्याकडं निघाला.

कॉलेजच्या रजिस्टरात वर्षाराणीची पहिली सही दहा वाजून वीस मिनिटांची आहे. पावणेनऊपासून तोवर ती कुठं होती, हे शेषेरावांना माहीत नाही, धोंडप्पाला माहीत नाही आणि आपल्यालाही माहीत नाही.