नारळाला पडलेल्या टाळ्या

पोर्ट लुईसच्या जुन्या थिएटरात आमच्या घराण्यातल्या ज्या कलाकाराला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या, तो एक नारळ होता. माझा नवरा सॅक्सोफोन वाजवतो. त्याच दिवशी, त्याच रंगमंचावर तोही वाजवत होता. पण नाव झालं नारळाचं! (हा विषय आमच्या घरी जेवताना काढायचा नाही, असा नियम आहे.)

त्या वेळी मॉरिशस अजून इंग्रजांचं होतं आणि गोविंद अजून माझा नवरा नव्हता. सें पिएरचा हा मराठी मुलगा एरवी सरकारी कचेरीत कारकुनी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये सॅक्सोफोन फुंकायचा. सेगा ह्या आमच्या बेटावरच्या लोकसंगीताच्या गाण्यांना जॅझची फोडणी द्यायची, ही त्याची खासियत. आमच्या शाळेच्या समारंभात त्याचा बँड आला. मी तिथली नवी मास्तरीण. पुढे काय झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, की लग्न करीन तर ह्याच्याशीच, असं मी घरी सांगून टाकलं.

आमचं घर कांप दे मास्क गावात, उसाच्या शेतांना लागून. बा भाजीचा मळा करायचा, पण त्याची खरी ओळख म्हणजे गणपतीतली झाकरी. तुमच्या कोकणात जाखडी म्हणतात, तीच. दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, एक गाण्यातून सवाल टाकते, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब सुचला नाही तर मान खाली घालून घरी! बाची ढोलकी सुरू झाली की समोरच्या पार्टीला घाम फुटायचा. असा माणूस जावई निवडणार, तो कसा निवडणार?

"सरकारी नोकरी हाय, ठीक," बा म्हणाला. "पन मानूस कसा हाय ते नोकरीत दिसत नाय. वाजवताना दिसतं. मी त्याला वाजवताना बघीन. मंग सांगीन."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तेर रूजचं दुकान हाय की!"

तेर रूजचं दुकान म्हणजे तिथल्या दुकानदाराचा मुलगा. तसा बिचारा वाईट नव्हता. पण मला बघायला आला तेव्हा सगळा वेळ साबणाच्या वड्यांबद्दल बोलत होता. त्याच्या घरच्यांना सोमवारी उत्तर हवं होतं. गोविंदचा कार्यक्रम रविवारी दुपारी. म्हणजे माझ्या उभ्या जन्माचा निकाल एका दुपारी लागणार होता, आणि तोही माझ्या घरच्या मंडळींना थिएटरात नेऊन! मला घाबरायला एवढं पुरे होतं.

कारण थिएटर म्हणजे काय, हे आमच्या घरात फक्त मलाच ठाऊक होतं. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मादामने, एकदा आम्हा शिक्षिकांना तिथे फ्रेंच ऑपेरा दाखवायला नेलं होतं. गाणं चालू असताना मी मध्येच टाळी वाजवली आणि मादामने माझ्याकडे असं पाहिलं, की माझे हात आठवडाभर खिशात होते (साडीला खिसा नसतो, तरीही!). तेव्हापासून मी थिएटरची रीतभात कोळून प्यायले होते.

मग मी अंगणात बाक मांडून शिकवणी घेतली. विद्यार्थी तीन. बा, आये आणि ऊस वाहणारी लॉरी चालवणारा दामूमामा.

"हात कुठे?"

"मांडीवर!"

"बोलायचं?"

"नाय!"

"टाळी कधी?"

"तू वाजवशील तवा!" तिघेही एका सुरात. शाळेत असा वर्ग मला कधी मिळाला नाही.

रविवारी आम्ही लॉरीतून निघालो. पुढे मी, बा आणि मामा, मामाच्या कोटाला पाचट चिकटलेलं. आये मागे गोणपाटावर, राणीसारखी. उतरल्यावर पाहिलं तर तिच्या एका हातात गातो पिमांची, म्हणजे डाळीच्या तिखट वड्यांची पुडी, आणि दुसऱ्या हातात सोललेला नारळ.

"आये, थिएटरात नारळ कशाला?"

"सोयरीक बघायला रिकाम्या हातानं जातात व्हय?"

दारावरच्या माणसाने नारळाकडे पाहिलं, मग आयेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे बाजूला झाला.

गोविंदने आमच्यासाठी हौसेने अगदी रंगमंचाला चिकटून असलेला बॉक्स घेतला होता. वरती रंगवलेलं छत, लाल मखमल, खाली शहरातली बडी मंडळी. आम्ही चौघे कठड्याच्या आत एका ओळीत बसलो. हात मांडीवर. आमच्या बरोब्बर खाली ड्रमवाला, पलीकडे ट्रम्पेट घेतलेला एक धिप्पाड, आफ्रिकी वंशाचा क्रिओल गृहस्थ, आणि मध्ये पांढऱ्या कोटातला गोविंद. त्याने वर पाहून हळूच मान झुकवली.

पहिलं गाणं सुरू झालं. गोविंद पुढे आला, एकट्याने झकास लांबलचक वाजवलं आणि मागे सरला. गाणं अजून चालूच होतं, तोच सगळ्या थिएटराने टाळ्यांचा कडकडाट केला! तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठामपणे मान हलवली. नाही. गाणं संपलेलं नाही.

"अगं, ती गोरी बाईपन वाजवतेय!" मामा कुजबुजला.

"तिला कळत नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या गाण्यातही तेच. आयेचे हात वर आले होते, ते मी धरून खाली ठेवले. सगळं थिएटर टाळ्या पिटतंय आणि आमच्या बॉक्समध्ये चार माणसं फोटोला बसल्यासारखी गप्प! गोविंदने वर पाहिलं. होणारे सासरे, दगड. होणाऱ्या सासूबाई, दगड. मी तर सगळ्यांना धडा घालून देण्यासाठी जास्तच दगड. त्याच्या कपाळावरचा घाम मला वरून दिसला. मला वाटलं, दिव्यांचा उकाडा असेल.

(जॅझमध्ये एकट्याचं वाजवणं झालं की गाणं थांबायच्या आत टाळी द्यायची असते, ती न देणं म्हणजे तोंडावर नापास करणं, हे मला लग्नानंतर समजलं. मादामने ह्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.)

त्यानंतर गोविंदचं काहीतरी बिनसलं. सूर घसरायला लागले. शेवटच्या गाण्यात ट्रम्पेटवाल्याने एक छोटी झोकदार ओळ वाजवली आणि गोविंदकडे पाहिलं. गोविंदने कशीबशी तशीच ओळ परत केली. बा एकदम पुढे वाकला.

"ह्यो सवाल टाकतोय."

"बा, सवाल-बिवाल काही नसतो. जॅझ आहे ते."

"गप. माझा जल्म गेला सवाल ऐकन्यात."

ट्रम्पेटने दुसरी ओळ टाकली, पहिलीपेक्षा वाकडी. गोविंदने अर्धीच उचलली. तिसरी आली. गोविंदने आमच्या बॉक्सकडे पाहिलं, माझा चेहरा पाहिला, आणि सॅक्सोफोनमधून फक्त 'पीं' असा आवाज निघाला.

मी डोळे मिटले. मला साबणाच्या वड्या दिसायला लागल्या.

"अरं, सोडू नको!"

मी डोळे उघडले तर बा उभा! "दे जवाब! हान!" आणि दोन्ही तळव्यांनी त्याने मखमलीच्या कठड्यावर झाकरीचा ठेका धरला. मखमलीखाली लाकूड चांगलं जुनं होतं, ते ढोलकीच्या वर बोललं.

"सिलांस!" दाराशी उभा असलेला माणूस आम्हाला गप्प बसवायला ओरडला. त्याचं कोण ऐकतो! खालच्या ड्रमवाल्याने वर पाहिलं, दात काढून हसला, आणि तोच ठेका उचलला! गोविंदच्या खांद्यात जीव आला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि असा जवाब दिला, की ट्रम्पेटवाला दोन पावलं मागे सरकला. आये टाळ्या वाजवत होती, मामा कोट काढून फिरवत होता, पाचट खालच्या बड्या मंडळींच्या टोप्यांवर उडत होतं. रीतभात सांभाळणारी मी एकटीच उरले होते.

"बा, बस! बा, अजून संपलं नाही!" मी त्याचा कोट ओढत होते.

टाळ्या वाजवायला हात मोकळे हवेत म्हणून आयेने नारळ कठड्यावर ठेवला होता. बाच्या ठेक्यावर तो नाचत नाचत कडेला निघाला. मला तो दिसला. एका हाताने बाला सोडून नारळ धरावा, असं कुठल्याही शहाण्या माणसाला सुचलं असतं. मी दोन्ही हातांनी बाला धरलं.

गोविंदने शेवटचा सूर उंच नेला, लांबवला, सोडला, आणि नारळ ड्रमवर पडला.

धडाम! बरोब्बर समेवर!

मग अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. ड्रमवाल्याने नारळ दोन्ही हातांत उंच धरून लोकांना दाखवला आणि वर पाहून ओरडला, "मेर्सी, तोंतों!" बा सगळ्या थिएटराचा काका झाला होता. त्याने हात जोडून चारी बाजूंना नमस्कार केला. टाळी वाजवली नाही ती फक्त मी. माझे दोन्ही हात तोंडावर होते.

नंतर बाहेर लॉरीपाशी गोविंद नारळ परत द्यायला आला. खरं सांगते, त्याला तसा नारळ पुढे करून उभा बघून मला रडू फुटायचंच बाकी होतं. बाने नारळ घेतला नाही. उलट तो त्याच्याच ओंजळीत दाबला आणि पाठीवर थाप मारली.

"कोरेक, अगदी बराबर! पडला होतास, पन पळाला नायस. आमच्याकडून हो." मग तो जरा घुटमळला. माझ्याकडे एक नजर टाकून आवाज खाली आणून म्हणाला, "पन पोरा, फसवायचं नाय म्हनून सांगतो. आमची पोरगी शिकलेली हाय, मनानं चांगली हाय, पन टाळी कुठं द्यायची ते तिला कळत नाय. बघ, चालंल का तुला?"

गोविंदने चांगल्या चार मात्रा विचार केला.

"चालवून घेईन, काका."

अजून चालवून घेतो आहे. फक्त त्याचा कार्यक्रम असला की मला मागच्या रांगेत बसवतो, आणि माझ्या शेजारच्यांना आधीच सांगून ठेवतो, "ही टाळी वाजवेल तेव्हा तुम्ही वाजवू नका."