मास्तरांच्या पोरांची फी

मास्तरांची पोरं कॉलेजात गेली की घरात पैसा टिकत नाही, किस्से तेवढे साठत जातात! नव्वदच्या दशकात पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या शाळेत आम्ही आठ शिक्षक. एका वर्षी तिघांची पोरं एकदमच बारावी झाली, आणि मधल्या सुट्टीत फीशिवाय दुसरा विषय उरला नाही.

*

पहिला मी. मुलाच्या फी-सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलला गेलो. रांगेत माझ्या पुढे एक बागायतदार, जीपमधून आलेले. त्यांना दाखला मिळाला, मला नाही. क्लार्क म्हणाला, "गुरुजी, तुमचं उत्पन्न लई हाय. पगारपत्रकावर दिसतंय ना!"

"आणि त्यांचं?"

"त्यांचं कुठं दिसतंय?"

या घोळात माझी एसटी चुकली. शेवटी त्या गरीब माणसानेच मला जीपमधून घरी सोडलं!

*

दुसरे आमचे हेडमास्तर गाडेकर. माणूस असा चिक्कू, की खडूसुद्धा अर्धा मोडून देणार. त्यांच्या मुलाला इंजिनिअरिंगची जादा फीची पेमेंट सीट मिळाली. कॉलेजच्या ऑफिसात साहेबांनी चहा मागवला, तर हे म्हणाले, "चहा राहू द्या, तेवढे फीतून कमी करा!"

*

तिसरे फुंदे गुरुजी. त्यांच्या सुनीताला कमी फीची फ्री सीट लागली, पण सोमवारपर्यंत तेवढी फी भरली नाही तर सीट जाणार. गुरुजींनी आपल्या प्रॉव्हिडंट फंडातून पैसे मागितले. फंडाचं ऑफिस म्हणे, आधी फीची पावती आणा. कॉलेज म्हणे, आधी फी आणा! शेवटी ऑफिसातल्याच एकाने कानात सांगितलं, "गुरुजी, पोरीचं लगीन लिवा की. आजच मंजूर व्हईल!"

फुंदे म्हणाले, "आन् पोरीनं वाचलं तर?"

अर्ज तसाच घेऊन परत आले. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

*

राहिली आमची भिशी. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या वर्षीची पहिली चिठ्ठी निघायची होती. आम्ही फुंद्यांना म्हटलं, "या खेपेला तुम्हीच घ्या." पण ऐकतील तर शपथ!

"माजा नंबर लागला तरच घेईन. गाडेकर सरांचीबी फी राहिलीच हाय की."

आठही जणांनी आपापलं नाव लिहून चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. हेडमास्तरांनी डबा हलवून एक उचलली, उघडली आणि बराच वेळ बघत राहिले. मग "फुंदे!" म्हणून ओरडले आणि चिठ्ठी तोंडात टाकून चावायला लागले.

"सर, हे काय?" मी विचारलं.

"शनिवारचा उपास आहे माझा. भूक लागलीय!"

फुंदे डोळे पुसत सुनीताला सांगायला घरी पळाले. सगळे गेल्यावर मी डबा उघडला. सात चिठ्ठ्या होत्या. फुंद्यांची त्यांत होती. गाडेकर सरांची नव्हती.