सिस्टरबाईचा आमेन

चर्चमध्ये सिस्टरबाई सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हणायची. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिनं तो शब्दच सोडला.

ती मिशनच्या दवाखान्यातली निवृत्त नर्स. आमच्या चर्चमध्ये देशासाठीची प्रार्थना दर रविवारी तिच्याकडेच असायची. चर्चला कुलूप लागलं, तेव्हा ती रोज संध्याकाळी आम्हा सगळ्यांना फोनवर जोडून प्रार्थना करू लागली. "देवा, लोक सिलिंडरच्या रांगेत मरून राहिले. घाटावर जागा नाही. तू पाहून राहिला का नाही?" एवढं बोलून ती गप्प व्हायची. आमेन नाही, म्हणून फोन कधी ठेवायचा तेच कोणाला समजत नव्हतं.

पास्टर म्हणाले, "बाई, देवाशी असं बोलतात का? निदान आमेन तरी म्हणा."

"पवित्र शास्त्रातल्या लोकांचं शहर उजाडलं, तेव्हा तेही राखेत बसून असेच बोलले. आणि पेशंट पलंगावर असताना मी कधी त्याचा केसपेपर बंद केला नाही, पास्टरसाहेब."

माझी बायको सुशीला तेव्हा रामदासपेठेत दवाखान्यात होती. नवव्या दिवशी गेली. चेहराही पाहायला मिळाला नाही. मी सिस्टरबाईला फोन लावला. "रोज भांडून राहिल्या होत्या ना? काय दिलं तुमच्या देवानं?"

ती रडत होती. "काहीच नाही दिलं, भाऊ. आता तुम्ही भांडा. शिवी आली तं शिवी द्या, तो ऐकून घेते. पण बोलणं सोडू नका."

मी फोन आपटला. देवाशी बोलणं सोडलं.

चर्च उघडल्यावर दर रविवारी ती माझ्या फाटकाशी यायची. "भाऊ, चलता का?"

"नाही."

"बरं. तुमच्या वाटचं मी भांडून येते."

अशी चार वर्षं. पुढे गुडघे गेले तर काठी टेकत यायची. मी तिला एकदाही पाणी विचारलं नाही. आता तेच खुपतं.

या उन्हाळ्यात ती गेली. पास्टरांना सांगून ठेवलं होतं तिनं, मातीला प्रार्थना भाऊच करतील. खड्ड्याजवळ सगळ्यांनी डोळे मिटले. माझ्या तोंडातून एकदम निघालं, "देवा, सुशीला गेली तेव्हा मले तिचा हात धरू दिला नाही. काहून? आता हिलेही नेलं. माझ्या वाटचं आता कोण भांडीन?"

लोक थांबून राहिले. पास्टर खाकरले. मागून कोणीतरी हळूच आमेन म्हटलं.

मी म्हटलं नाही.