न भिजलेली ताटी

होळी झाली की पुढच्या रविवारी नामदेवभाऊजी आमच्या घरी कूलर बसवायला येणार, हे इतकं ठरलेलं होतं की बायको त्या सकाळी न विचारता कोथिंबिरीच्या सांबारवडीची तयारी करी. यंदाही केली. दारात स्कूटर थांबली, पाहतो तर त्यांच्या कारखान्यातला कारागीर एकटाच. मी आतूनच विचारलं, "मालकाले कुठं सोडून आला गा?" तो उंबऱ्यापाशीच थांबला. म्हणाला, "मालक गेले जी, आत्ता सकाळीच... हातात पत्रा होता, अन् बसल्या जागीच गेले."

त्याला दीड महिना झाला. लिहायला बसलो तर डोळे भरून येतील असं वाटलं होतं, पण भाऊजी म्हटलं की मला त्यांचा परत येण्याचा दिवस आठवतो, आणि अजूनही तसंच स्टेशनकडे धावत सुटावंसं वाटतं. दुःखाच्या लेखात हे शोभत नसेल... पण आमचे भाऊजी असेच होते, त्याला मी काय करू?

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कुसुमताईचे यजमान. गणेशपेठेत एका वर्कशॉपात ते वेल्डिंग करत आणि उन्हाळा लागला की लोखंडी कूलर बनवत. उकाड्यावर आम्हा नागपूरकरांना एकच इलाज ठाऊक: वाळ्याच्या मुळ्या विणून केलेली ताटी, तिच्यावर पाण्याची धार आणि मागे पंखा. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना मस्कतला वेल्डरची नोकरी लागली, तेव्हा गड्याने ट्रंकेत चार कपडे टाकले आणि काखेत घेतली एक नवीकोरी वाळ्याची ताटी. मी हसलो, तर म्हणाले, "साळेसाहेब, पत्रा तिथं भेटन, पंखा भेटन. वाळा कोण देईन मले?" खरं सांगतो, मलाही ते पटलं. जिथे जाल तिथे गरमी ही नागपूरसारखीच असणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

महिन्याभरात पत्र आलं. 'इकडे ऊन फार, परंतु आपल्या कूलरमुळे खोली गार आहे. काळजी नसावी.' पुढे तीन वर्षं प्रत्येक पत्रात हे वाक्य असे. ताई ते शेजारपाजारी वाचून दाखवी. मे महिन्यात आमच्या गल्लीत कुणी पदराने वारा घेऊ लागलं की दुसरी हमखास म्हणे, नामदेव पहा कसा मस्कतात गार बसला आहे!

मग एक दिवस तार आली. दोन महिन्यांच्या रजेवर येतोय. परतीचं तिकीट कंपनीने आधीच हातात दिलेलं. सगळी गल्ली आनंदाने वेडी झाली, ताई मात्र तार घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मले त्यायले परत जाऊ द्यायचं नाही. पण अडवू कशी गा? ते तं तिथं मजेत आहेत म्हणते. सुखातल्या माणसाले कोणत्या तोंडानं सांगू, इथं या घामात राहा म्हणून?"

मुंबईहून येणारी मेल दोन तास लेट होती, पण गल्लीतला एकही माणूस प्लॅटफॉर्मवरून हलला नाही. संत्र्यांचे दिवस नव्हते म्हणून कुणी संत्रा बर्फी आणली होती, ती गाडी यायच्या आधीच संपली. आणि मग भाऊजी उतरले! ऐन मे महिन्यात कोट, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर टू-इन-वन रेडिओ-टेप, आणि काखेत घोंगडीत गुंडाळलेली एक लांब गुंडाळी. हारतुरे राहिले बाजूला, लोकांचं लक्ष त्या गुंडाळीवर. "गालिचा असन," कुणीतरी म्हणालं. घरी पोचेपर्यंत तो इराणी गालिचा झाला होता.

ओसरीवर पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली. ताईने घोंगडीची दोरी सोडली... आणि आतून निघाली वाळ्याची ताटी. तीच, नेलेली. असा हशा पिकला की मीही पोट धरून हसलो. हसली नाही ती एकटी ताई. तिने ताटीवरून हात फिरवला, उलटी केली, नाकाशी नेली. आमच्याकडची कुठलीही बाई सांगेल, कूलरला लावलेली ताटी एका उन्हाळ्यात काळी पडते, कुजते, तिचा वास उडतो. ही तर नेली तशीच, पिवळसर, खणखणीत.

"ही तं भिजलीच नाही," ताई हळूच म्हणाली. "तीन वर्षं तुमी काहून लिहून राहिले होते, गार आहे म्हणून?"

भाऊजींनी चष्मा काढला. "एक दिवस लावली होती वं," ते म्हणाले. "तिथं समुद्र आहे. हवाच ओली. कूलर लावला तं अंथरुणं भिजली, अन् गरमी दुप्पट झाली. खोलीतल्या पोरायनं दुपारीच उचलून बाहेर ठेवला." चष्मा पुसत म्हणाले, "तुले तसं लिहिलं असतं तं तुले इथं झोप लागली असती का? ताटी मी वाळवून उशाशी ठेवली. वास घेतला की नागपुरात आहो असं वाटे."

ताई रडली नाही, भांडली नाही. तिने सगळ्यांदेखत ती ताटी नेऊन खिडकीला टांगली, बादली आणली आणि भरल्या तांब्याने पाणी मारलं. तीन वर्षं कोरडा राहिलेला वाळा असा दरवळला की ओसरीवरची माणसं न सांगता उठून गेली. भाऊजी कोटासकट जमिनीवर आडवे झाले, ते संध्याकाळी चहालाच उठले. ताई मला कानात म्हणाली, "आता अडवीन मी."

तिला अडवावं लागलंच नाही. परतीचा दिवस उजाडला तेव्हा भाऊजी अंगणात स्वतःच्या धंद्यातल्या पहिल्या कूलरचा पत्रा कापत होते आणि ताई पुरण वाटत होती. तिकिटाचं नाव कुणी काढलं नाही.

परवा ताईच्या खोलीतला कूलर बसवायला मीच गेलो. ताट्या लावल्या, वायर जोडली, बटण दाबलं आणि ऐटीत विचारलं, "कशी आहे हवा?" ताई पंख्यासमोर डोळे मिटून बसली होती. म्हणाली, "गार आहे गा. काळजी नसावी."

मी खूश होऊन हात पुढे केला, तर हवा भट्टीसारखी. टाकीत पाणी भरायचंच मी विसरलो होतो.

मी बादली आणली, तांब्या भरला आणि ताटीवर मारायला पहिलं पाणी तिच्या हातात दिलं.